नावेचा लिलाव

आप्पा नावाडी माणसाला खेकसूनच नावेत घेत आणि खेकसूनच पलीकडे उतरवत. सरपंच असो, नवी नवरी असो, ताकाची घागर घेतलेली म्हातारी असो, कुणाची सुटका नव्हती. पलूसच्या बाजूला कृष्णाकाठच्या एका गावी मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच फेरीला त्यांनी मला सुनावलं, "शिष्टरबाई, ती छत्री मिटा आधी. नाव वल्हवायची हाय का उडवायची?" माझी निम्मी गावं पलीकडच्या तीरावर होती, त्यामुळे आठवड्यातले बहुतेक दिवस मी त्यांची बोलणी खाल्ली. पुढे कळलं की आप्पा ज्याला ओरडत नाहीत, त्याच्यावर त्यांचा खरा राग असतो.

एवढ्या तापट माणसाला उतारूला वाट पाहायला लावणं मात्र जमत नसे. पलीकडून एका माणसाने हाक मारली की नाव सुटे. दुसरा कुणी येतो का, हे बघत बसायचं नाही. एकदा ऐन वैशाखात, नुकतीच भाकरी सोडलेली असताना, पलीकडे कुणी तरी दिसलं. आप्पांनी भाकरी पुन्हा बांधली. मी म्हटलं, "आप्पा, दोन घास खा की. तो कुठं पळतोय?" तर म्हणाले, "त्यो उन्हात हाय, भाकरी सावलीत हाय. कुणी थांबायचं?"

ही नाव गावची होती आणि नावाड्यांची चार घरं ती पाळीपाळीने चालवत. आप्पा त्यांतले वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. दोन्ही तीरांवरचे शेतकरी सुगीला त्यांना जोंधळा, शेंगा, गुळाची ढेप देत. त्या बदल्यात वर्षभर घरातल्या कुणीही कितीही वेळा जावं-यावं. शाळेची पोरं, माहेरवाशिणी, मर्तिकाला निघालेली माणसं यांचं तर काही घ्यायचंच नाही, असा रिवाज होता. आम्हा सरकारी माणसांना मात्र आप्पा दिवाळीला हक्काने फराळ मागत आणि चकली मऊ पडली म्हणून नावं ठेवत.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी वरून हुकूम आला की नावेचा लिलाव करावा. नाव जुनी झाली होती, डागडुजीला पंचायतीकडे काही नव्हतं. ठेकेदार नवी नाव आणील, वेळेवर सोडील, वर गावाला उत्पन्न होईल. ऐकायला सगळं रास्त होतं आणि गावातल्या शहाण्या माणसांना ते पटलंही. तरी काही शेतकऱ्यांनी आप्पांना सांगितलं, "तुमी बोली बोला, आमी जामीन ऱ्हातो." चार घरांनीही मान डोलावली होती.

लिलाव चावडीपुढे झाला. मीही कौतुकाने गेले होते. बाहेरगावच्या एका ठेकेदाराने पहिली बोली बोलली आणि सगळ्यांचे डोळे आप्पांकडे वळले. आप्पा पटका मांडीवर घेऊन खाली बघत बसलेले. पुकारणाऱ्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. बाकीचे तिघे नावाडी चुळबुळत होते, पण वडील माणूस गप्प असताना त्याच्यावरून तोंड उघडायची त्यांच्यात रीत नव्हती. एकाच बोलीत नदीचा तो उतार ठेकेदाराचा झाला.

मी परतताना त्यांना गाठलं आणि चांगलीच चिडले. कधी नव्हे ते मी बोलत होते आणि ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आवं बाई, रोज नाव सोडायच्या आदी किस्नाबाईला हळदीकुंकू वाहतो आमी. आईचं लुगडं बाजारात आलं, तर लेकानं त्याची किंमत करायची व्हय?"

"लेकानं नाही केली तर दुसरा करतो, आप्पा."

"करू द्या. पाप त्याच्या माथी."

पाप कुणाच्या माथी गेलं मला ठाऊक नाही. नाव ठेकेदाराकडे गेली एवढं खरं. नवी नाव आली, तिला हिरवा रंग होता, तिकिटं आली. चौघा नावाड्यांना ठेकेदाराने रोजावर ठेवलं. येईल त्या दिवशी रोज, आजारी पडला तर घरी. आता तिकीट काढतो म्हटल्यावर शेतकऱ्यांनी सुगीचा जोंधळा बंद केला, त्यात त्यांचंही चुकलं नाही. नाव भरल्याशिवाय सोडायची नाही आणि दिवस मावळला की बांधून टाकायची, असा नवा नियम झाला. दूध घेऊन येणाऱ्या बायका तीरावर ताटकळायला लागल्या. संध्याकाळी अडकलेली पोरं गुऱ्हाळावरची काहील पाण्यात ढकलून तीत बसून यायची आणि पालक माझ्याकडे येऊन पोरांच्या नावाने खडे फोडायचे. लस टोचायच्या दिवशी पलीकडच्या आया माझी वाट बघून घरी जात. मी आप्पांकडे बघे, आप्पा वल्ह्याकडे बघत. त्या दिवसांत ते कुणावरही ओरडत नसत.

पुढचा उन्हाळा लागला. पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन नदीकाठी उतरले होते. एका दुपारी पलीकडे एक म्हातारा धनगर उभा दिसला, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू. तो वर्षाला आप्पांना एक घोंगडं द्यायचा, हेच त्याचं नावेचं देणं, आणि तिकिटाची भानगड त्याच्या गावीही नव्हती. त्याने हाक मारली. नावेत फक्त मी होते. आप्पांनी एकदा ठेकेदाराच्या छपराकडे पाहिलं आणि वल्हं उचललं. आम्ही म्हाताऱ्याला घेऊन परतलो तेव्हा ठेकेदार काठावर उभाच होता. तो आवाजही न चढवता म्हणाला, "आप्पा, उद्यापासनं येऊ नका."

आप्पांनी त्या धनगराचा हात धरून त्याला उतरवलं. "कोकराला आईखाली लाव रं लवकर, मुडद्या," एवढंच ते बोलले आणि घरी गेले.

मला औषधं आणायला सांगलीला जायचंच होतं. आप्पांना बरोबर घेतलं आणि कामगारांच्या तक्रारी ऐकतात अशा एका कचेरीत गेले. तिथला कारकून भला होता, त्याने आधी आप्पांना पाणी दिलं.

"तुमचा मालक कोण?" त्याने विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मालक? गाव की. दोनी काठाची."

"गाव मालक होत नाही, काका. पगार कोण द्यायचं?"

"पगार न्हाई. सुगीला जुंधळा."

"बरं, ठेकेदाराकडे कायम होता?"

"रोजावर हुतो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग कायद्याने तुम्ही कुणाचेच कामगार नाही." त्याला ते सांगताना वाईट वाटत होतं. मला रजा होती, पेन्शन होती, संप केला तर पाठीशी संघटना होती. ज्यांच्या नावेतून मी नोकरी करायला जात होते, त्यांना यातलं काहीही नव्हतं. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

येताना एस.टी.त आप्पा म्हणाले, "बाई, तवा बोली बोलायला पायजे हुती. आई वाचली न्हाई आन माज्यापायी चार घरं बुडाली." आप्पा चुकले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर अशी चूक करण्याइतकी मोठी नसते, हेही मला कळत होतं.

दोनएक वर्षांनी माझी खंडाळ्याला बदली झाली. निघायच्या सकाळी आप्पा धुतलेला पटका बांधून धक्क्यावर आले. मला पलीकडच्या एस.टी.पर्यंत पोचवायला त्यांनी स्वतःचं तिकीट काढलं होतं. नावेत चढले ते सरळ वल्ह्यापाशी जाऊन बसले. ठेकेदाराचा नवा माणूस अदबीनेच म्हणाला, "आप्पा, उतारूंनी तिकडं बसायचं."

आप्पा उठले आणि नावेच्या मधोमध उभे राहिले. सगळा जन्म त्यांनी माणसं वाहिली होती, पण नावेत उतारू होऊन कसं बसतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी माझी ट्रंक बाजूला सरकवली आणि म्हटलं, "आप्पा, इथं बसा माझ्याजवळ."