‘येत नाही’ म्हटल्यावर

सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत देऊन एक तरुणी खोलीबाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि तिने घट्ट सँडल काढून पाय मोकळे केले. लेकीसाठी मी नोकरी सोडल्याला सात वर्षं झाली होती. आता पुढचा नंबर माझा होता आणि मी पाठ केलेली उत्तरं पुटपुटत होते.

“अवघड होतं का?” मी विचारलं.

“एक प्रश्न आला नाही. तसं सांगितलं, तर म्हणाले, चला, मिळून बघू.”

आपण प्रश्नांना भितो असं वाटतं. खरी भीती ‘येत नाही’ म्हणण्याची असते.

आत मी पहिल्याच प्रश्नाला अडले. “हे मला आठवत नाही,” मी म्हणाले. समोरच्या बाईंनी हसून मार्कर माझ्या हातात दिला. मग बराच वेळ आम्ही दोघी फळ्यासमोर डोकं लढवत उभ्या होतो, आणि मी घाबरायचंच विसरले.