वाटलेल्या केकची वसुली

आमच्या घरात एका केकपुरती गव्हाला बंदी झाली, तेव्हा पडवीत गव्हाच्या पोत्यांची थप्पी लागलेली होती.

बंदी आली ती सुनेमुळे. म्हणजे तिनं बिचारीनं काही केलं नाही, तिच्या आतड्यांनी केलं. आमच्या अमोलची बायको रूथ, पुण्याची. तिला गहू चालत नाही. (आवडत नाही असं नव्हे. आवडत नाही म्हणणाऱ्यांवर माझ्याकडे उपाय आहेत.) चिमूटभर कणीक पोटात गेली तरी पोरगी आजारी. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या गावी आली, राहात्याच्या अलीकडे, तेव्हा मी केलेल्या पुरणपोळ्यांसमोर बसून तिनं उकडलेला बटाटा खाल्ला. तोही हसतमुखानं. मला तो बटाटा काही पचला नाही. ठरवून टाकलं, येत्या नाताळात सून माझ्या घरी केक खाईल आणि पोटभर खाईल.

पीठ हवं ज्वारीचं आणि तांदळाचं. गिरणीवाल्याला म्हटलं, "गव्हाचा कण न लागता दळून दे."

तो म्हणाला, "काकू, ह्या गिरणीच्या भिंतीत बी गहूच हाय. तुमी घरीच काय ते बघा."

घरी मिक्सरवर दळलं. मिक्सरनं जळका वास सोडून नाराजी कळवली. मग फोनवर रूथ म्हणाली, "आई, गहू नसला की केक भुगा होतो. बांधून ठेवायला थोडं इसबगोल घाला." इसबगोल आमच्या ह्यांचं, रात्री झोपताना घ्यायचं. मी कपाटातून डबा काढला तसे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "केकात? मग मी काय घेऊ?"

"केक घ्या," म्हटलं.

आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, शिटी आणि रिंग काढायची, आत भांडं ठेवायचं, झाला ओव्हन. अर्धी गल्ली माळकरी, म्हणून नाताळचा केक पहिल्यापासून बिनअंड्याचा. रूथनं एक नियम घालून दिला होता. तिचा केक आधी करायचा, घरात मैद्याचं पुडकं फुटायच्या आत. मी ओटा धुतला, कुकर घासला, साडीसुद्धा बदलली. नाताळच्या आदल्या दिवशी तिचा केक केला, त्याच्यामागून सगळ्यांसाठी मैद्याचा. दोन्ही डब्यांत घालून फडताळात ठेवले.

आता खरी गंमत ऐका. आमच्या सासूबाईंचाही एक नियम होता. सणाचं जे पहिलं उतरेल ते आधी शेजाऱ्यांना, मग घरच्या तोंडाला. एवढी वर्षं मी तेच करत आले. नाताळच्या सकाळी चर्चमधून आले, पदर खोचला, पहिल्या केकचा डबा काढला, सुरी फिरवली आणि ताटल्या भरून गल्लीभर वाटूनही आले. डोकं वापरलंच नाही. हातांना पाठ होतं, हातांनी केलं.

दुपारी अमोल आणि रूथ आले. रूथ थेट स्वयंपाकघरात. "आई, माझा केक कुठंय?"

मी ऐटीत डबा उघडला. आत पांढरा, फुललेला, कापसासारखा केक. मी बघतच राहिले. इतका देखणा केक रूथचा असूच शकत नव्हता. तिचा चांगला विटेच्या रंगाचा होता, आणि विटेच्याच वजनाचा.

"अगंबाई," म्हटलं, "तुझा मी वाटला."

रूथचा चेहरा क्षणभर पडला. लगेच म्हणाली, "राहू द्या आई, बटाटा आहे ना?"

बटाट्याचं नाव निघाल्यावर मी कसली थांबते? चपला घातल्या. "आई, मी पण येते," म्हणत रूथ मागे.

पहिलं घर श्रीपतभाऊंचं. त्यांनी खाली मान घातली. "काकू, खोटं न्हाई बोलत. गाईला घातला."

"अहो, का?"

"म्हातारीला चावंना. पर गाईनं लई आवडीनं खाल्ला बरं का."

दुसऱ्या घरी वैशाली. तिनं केक राखला होता, पण शंकरपाळ्यांच्या डब्यात. रूथनं लांबूनच बघितलं आणि हळूच मान हलवली. मैदा लागला, केक बाद. वैशाली आधी माझ्याकडे, मग रूथकडे बघून म्हणाली, "काय वो काकू, वाटल्यालं परत गोळा करताय? नवी सून लई हिशोबी दिसती."

झालं! सुनेला केक मिळाला नाही तो नाहीच, वर गावात नाव पडलं. मी वैशालीला सगळी आतड्यांची कहाणी सांगायला लागले, तर रूथनंच मला हाताला धरून बाहेर काढलं. ती हसू दाबत होती, मी रडू.

शेवटचं घर सुमनबाईंचं. त्या एकट्याच घरी होत्या.

"सुमनबाई, केक खाल्लात का?"

"न्हाई वो काकू, माजा सोमवार. संध्याकाळी उपास सोडल्यावर बघू म्हणलं." त्यांनी देवळीतून ताटली काढली. माझीच ताटली, वर माझंच झाकण, आत सगळे तुकडे जसेच्या तसे. मी ती छातीशी धरून घरी आणली आणि सुमनबाईंच्या सोमवारची हकीकत सगळ्यांना सांगितली.

रूथ पाटावर बसली. पहिला तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली. चावतच राहिली. अमोल, हे, मी, सगळे तिच्या जबड्याकडे बघत उभे. शेवटी तिनं गिळला, तांब्याभर पाणी प्यायली आणि दुसरा तुकडा उचलला.

"आई, आजारी पडल्यापासून माझ्यासाठी कुणी घरी केक केलाच नव्हता," म्हणाली, आणि ताटली संपवली.

ह्यांनी तळाचा चुरा चाखून बघितला, मग म्हणाले, "सुमनबाईंचा सोमवार कधीपासून सुरू झाला गं?"

माझा केक पोचला की गल्लीत कुणाकुणाचे उपास सुरू होतात हे मला ठाऊक आहे. पण त्यातल्याच एका उपासानं माझी अब्रू वाचवली म्हटल्यावर कुठल्या तोंडानं रागवायचं?