स्पिरिट सुकेपर्यंत

कातडीला स्पिरिट लावलं की हिराताई हात मागे घेऊन गप्प उभ्या राहायच्या. ते आपोआप सुकेपर्यंत सुई नाही, फुंकर नाही, आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट तर नाहीच. नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात त्या रक्ताचे नमुने घ्यायच्या. लॅबच्या पदविकेच्या प्रात्यक्षिकांसाठी मी त्यांच्या हाताखाली होते.

त्या करावे गावच्या. "कातडीवरची घान बाटलीत गेली का रिपोर्ट खोटा येतो. मंग आजार नसताना औषध," असं सांगायच्या.

एकदा एका रुग्णाचा मुलगा वैतागला. "मॅडम, सुई टोचताय की पूजा घालताय?"

"पूजाच समज. फुकटचा प्रसाद नको म्हनून थांबलेय."

वॉर्डच्या इनचार्ज मॅडमना मात्र हा उशीर खपत नसे. "तुमच्या एका पेशंटमध्ये बाकीच्यांचे तीन होतात, हिराताई." हिराताई कंत्राटावर होत्या. तरी थांबायच्याच.

एका दुपारी तापाने दाखल झालेल्या एका आजींचं रक्त घ्यायचं होतं, तेवढ्यात त्यांना दुसऱ्या वॉर्डात बोलावणं आलं. "आजींचं तू घे. घाई नको," म्हणून त्या गेल्या. ताप का येतोय ते कळायला आजींच्या रक्तातले जंतू तपासायचे होते. मी पुसलं, थांबले. पण शीर सापडेना. मी बोटाने पुन्हा चाचपली आणि तशीच सुई घातली. रक्त आलं, याचाच मला आनंद झाला.

शिकाऊ मुलींच्या नमुन्यावर सही वरिष्ठांची असते. रिपोर्टात जंतू निघाले. ताप उतरला होता, तरी आजींना घरी न सोडता जोरदार अँटिबायोटिक सुरू झालं. दुसरा नमुना स्वच्छ आला, म्हणजे आधीचे जंतू कातडीवरचेच होते; पण तोवर सलाइनच्या सुईने त्यांचा हात सुजला होता आणि जुलाबांनी त्या गळून गेल्या होत्या.

"एवढा वेळ लावूनही ही घाण?" इनचार्ज मॅडमनी हिराताईंना विचारलं. मी दाराशीच उभी होते. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांचीच सही लागणार होती. वडील तुर्भ्यात ट्रक भरतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. न बोलण्याला हे कारण म्हणून पुरेसं आहे का, मला अजून ठरवता येत नाही.

"सही माझी हाय," एवढंच हिराताई म्हणाल्या. त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी मी गेटपर्यंत त्यांच्या मागे गेले.

"परत बोट लावलंस ना?"

मी मान डोलावली.

"मंग परत पुसायचं व्हतं. माफी माझ्याकडं नको मागू. वर आजी हायेत."

मी वर गेले. आजींचं रोजचं रक्त घ्यायचं होतं. त्यांनी न सुजलेला हात पुढे केला.

"तूच घे गं. तुझा हात हलका आहे."

मी स्पिरिट लावलं, सुकेपर्यंत थांबले. बोलायला तेवढा वेळ पुरला असता.