अमाल्फीच्या रस्त्यावर भरलेली ओटी

अन्वी आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने विचारलं, "आजी, देवघरात ती ब्लू रिबन का आहे? बर्थडेची आहे का?" मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी गोष्ट सुरू केली. त्यांच्या गोष्टीतली मिरवणूक दर वर्षी थोडी वाढते. या वेळी तिच्यात दोन बँड होते, आणि शेवटी विमान आमच्यासाठी थांबून राहिलं होतं. बँड एकच होता, तोही बेसूर, आणि विमान थांबलं नव्हतं. आजोबा खोटं बोलत नाहीत, गोष्ट त्यांना फार आवडते म्हणून ती फुगते एवढंच. पण आणखी काही वर्षांनी तुमच्याकडे तीच उरेल, म्हणून घडलं तसं मी लिहून ठेवते आहे. आईने तुम्हाला वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

तुम्ही टोरांटोला गेलात तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होतात, त्यामुळे तुम्हाला आठवणार नाही. त्याआधी तुमचे आईबाबा इथेच सिंगापूरला, पुंगोलमध्ये, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीतला दिवा दिसायचा. तुमच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, मुक्ताला, सातवा महिना लागणार होता आणि पोटात तुम्ही दोघं होतात. आम्ही पुण्याला माझ्या भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. येताना वाट वाकडी करून इटलीवरून यायचं, असा बेत मीच आखला होता. अमाल्फीच्या, समुद्राच्या कडेच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरून एकदा निवांत हिंडायचं, गाडी चालवायला दुसरं कुणीतरी, ही आजोबांची बँकेतून निवृत्त झाल्यापासूनची इच्छा होती. तुम्ही आल्यावर आम्हाला कोण सोडणार! म्हणून आधी लग्न, मग इटलीचे चार दिवस, मग घर आणि मुक्ताचं डोहाळजेवण, असं सगळं मी रांगेत लावून ठेवलं होतं.

डोहाळजेवणाचं सामान पुण्यालाच घेतलं होतं. हिरवी साडी, तिला फॉल-बीडिंग करून आणि ब्लाउजपीस कापून. शिवाय ओटीचं सगळं. ओटी म्हणजे काय, ते तुमच्यासाठी सांगते. बाळ होणार असलेल्या बाईच्या पदरात तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ आणि ब्लाउजपीस घालतात. तिची कूस भरलेली राहो, हा त्याचा अर्थ. नारळ एवढ्या प्रवासात नेता येणार नाही म्हणून मी सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या घेतल्या होत्या, तुमच्या दोघांच्या दोन. देवाधर्माच्या बाबतीत मी फार हळवी नव्हते. सासूबाई करत आल्या म्हणून मी करत आले, वेळच्या वेळी आणि नीटनेटकं. त्यात मागणं असं कधी नसायचं.

शेवटच्या दिवसासाठी आम्ही ड्रायव्हरसकट गाडी ठरवली होती. दिवसभर किनारा, मध्ये थांबत थांबत, जेवण एका कड्यावरच्या खाणावळीत. त्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो, तेव्हा तुमच्या बाबांचा, केदारचा, फोन आला. मुक्ताला कळा सुरू झाल्या होत्या. तो ऑफिसातून, चांगी बिझनेस पार्कमधून, टॅक्सीने धावत आला होता आणि आता ते दोघं नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती. कळा थांबल्या तर ठीक. नाही थांबल्या, तर तुम्ही दोघं फार लवकर येणार होतात, आणि तसं झालं तर काय, हे केदारने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आजोबांनी नेपल्सहून दुपारच्या विमानाची तिकिटं मिळवली. ठरवलेली गाडी दारात आलीच होती. ड्रायव्हरचं नाव साल्वातोरे. तो पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा आणि अखंड बोलणारा होता. आजोबांनी त्याला सांगितलं, आता फिरायचं नाही, सरळ विमानतळ. त्याने छातीवर हात ठेवून वाईट वाटल्याचं सांगितलं आणि म्हणाला की डोंगरातला रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे, जायचं तर किनाऱ्यानेच. म्हणजे ज्या रस्त्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो, त्याच रस्त्याने मी निघाले, आणि मला तो दिसतही नव्हता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली निळं पाणी, उतारावर लिंबांच्या बागा. हे मी आज फोटो पाहून सांगते आहे. त्या दिवशी मी फक्त फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेघा पाहत होते. बोगदा आला की त्या जायच्या, वळण आलं की जायच्या.

फोन लागला तेव्हा मी हॉस्पिटलच्या वॉर्डमध्येही केला. तिथली नर्स आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आँटी, पेशंट रेस्टिंग लाह. यू डोंट वरी फर्स्ट, कॅन?" मी तिला विचारलं, रात्री ड्यूटीवर कोण असणार आहे. मग केदारला फोन. तो म्हणाला, "आई, तुम्ही दर पाच मिनिटांनी मला फोन केलात तर मी डॉक्टरांशी बोलू कधी?" मग मुक्तानेच त्याच्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज थकलेला होता, पण म्हणाली, "आई, चिल लाह. तू इथे असतीस तर आत्तापर्यंत डॉक्टरांनाच ॲडमिट करावं लागलं असतं." मी हसले नाही. फोन कट झाला आणि पुन्हा लागेना.

मी स्तोत्र म्हणायला लागले. लहानपणापासून पाठ असलेलं, झोपेतही म्हणता येणारं. चौथ्या ओळीवर अडले, परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथेच अडले. खरं सांगायचं तर मी प्रार्थना करतच नव्हते, देवाशी भांडत होते. सगळं वेळेवर करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे का, असं काहीतरी. आणि त्याच्याही खाली एक वाक्य सारखं फिरत होतं, की मी तिथे पोचले तर हे थांबेल. माझ्यावाचून तिथे कुणाला काही जमणार नाही, याची मला अगदी खात्री होती.

साल्वातोरेचं चालूच होतं. "सिन्योरा, डावीकडे बघा, किती सुंदर!" शिवाय त्या रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक वळणाला कड्यात एक कोनाडा, कोनाड्यात मेरीची लहान मूर्ती आणि तिच्यापुढे प्लास्टिकची फुलं. प्रत्येक कोनाड्यापाशी हा हॉर्न वाजवायचा, स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला आणि छातीला लावायचा. शेवटी मी ओरडले, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा!"

आजोबा हळूच मराठीत म्हणाले, "अगं, पुण्यात रिक्षातून जाताना तू प्रत्येक देवळाला हात जोडतेसच की."

"अहो, पण रिक्षा मी चालवत नसते."

आणि त्याच्या पुढच्याच वळणावर गाडी थांबली. पुढे आणखी गाड्या उभ्या होत्या. साल्वातोरे उतरून पाहून आला आणि म्हणाला, त्या गावाच्या मेरीची मिरवणूक आहे, ती चर्चमधून समुद्राकडे चालली आहे, रस्ता बंद. किती वेळ? त्याने खांदे उडवले. "ती थकेपर्यंत." मी खाली उतरले. तिथल्या एका पोलिसाला गाठलं, विमान सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, आवाज चढवला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि मान हलवली. बाजूने गाडी काढायला जागाच नव्हती. मी परत येऊन आमच्या गाडीला टेकून उभी राहिले. करण्यासारखं आता काहीही उरलं नव्हतं, आणि माझ्या आयुष्यात असं फारसं कधी झालेलं नव्हतं.

मग बँड आला. मागून पुरुषांच्या खांद्यावर लाकडी चौरंग आणि त्यावर ती. निळा झगा, कडेवर मूल, चौरंगाला चारही बाजूंनी निळ्या फिती बांधलेल्या. रस्ता थोडा रुंद होता तो नेमका आम्ही उभे होतो तिथे, म्हणून खांदेकऱ्यांनी विसाव्यासाठी तिला तिथेच टेकवलं. ती माझ्यासमोर होती, कॉलनीत दारात पालखी येऊन थांबते ना, तशी. दारात आलेल्या देवीला आपल्याकडे ओटी भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मी हे ठरवलं असं नाही म्हणता येणार. साल्वातोरेला डिकी उघडायला लावली आणि भर रस्त्यात बॅग उघडून बसले. गोडा मसाल्याचा वास सगळीकडे पसरला.

"अगं, इथे काय काढतेस?" आजोबा.

"ओटी."

"मुक्ताची?"

मी हिरवा ब्लाउजपीस घेतला, त्यावर तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याच्या दोन्ही वाट्या ठेवल्या आणि हळदीकुंकवाची डबी घेऊन पुढे गेले. पुढे गेल्यावर कळलं की हे द्यायचं कुणाच्या हाती, हेच मला माहीत नाही. माणसं बघत होती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. पायापासून डोक्यापर्यंत काळे कपडे. साल्वातोरेने मागाहून सांगितलं की ती विधवा होती, नवरा समुद्रात गेलेला. ओटी भरताना आमच्या घरी तिला आतल्या खोलीत बसायला सांगितलं असतं, मीच सांगितलं असतं. इथे माझ्यासाठी हात पुढे केले ते तिने एकटीने.

तिने ते सगळं दोन्ही हातांत घेतलं. मी माझ्या पोटावर हात ठेवला, म्हटलं, "डॉटर," आणि दोन बोटं दाखवली. मग मला पुढे काही दाखवता येईना. रडू फुटलं, सकाळपासून पहिल्यांदा. तिने ओटी मूर्तीच्या पायाशी नीट ठेवली, मी हात लांब करून कुंकवाचं बोट चौरंगाला लावलं. मग तिने एक खोबऱ्याची वाटी उचलली, चौरंगाची एक फीत सोडून तिला गुंडाळली आणि माझ्या हातात परत दिली. देवीपुढे भरलेल्या ओटीतलं थोडं प्रसाद म्हणून परत देतात, ही आपली रीत. तिला ती कुणी सांगितली, मला माहीत नाही. तिने माझ्या गालाला हात लावला आणि दुसरा तळवा हवेत सावकाश खाली नेत काहीतरी म्हणाली, दोनदा.

"काय म्हणते ती?" मी साल्वातोरेला विचारलं.

"ती म्हणते, बाळांना सांगा. घाई नको."

चौरंग पुन्हा उचलला गेला. मिरवणूक खाली उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. त्या वेळात मी समुद्र पाहिला. खूप मोठा होता आणि अगदी शांत होता, एवढंच मला सांगता येईल. आजोबा माझ्या शेजारी उभे होते, साल्वातोरेसुद्धा. गाडी सुरू झाल्यावर माझी धडधड परत आली. देव भेटला आणि काळजी संपली, असं माझं तरी झालं नाही. पण मनात फिरणारं वाक्य बदललं होतं. घाई नको, घाई नको, असं मी तुम्हाला नेपल्सपर्यंत सांगत होते.

विमान चुकलं. विमानतळावर फोनला रेघा आल्या आणि केदारचे निरोप एकामागून एक उतरले. कळा मंदावल्या. मुक्ता झोपली. दोन्ही बाळांचे ठोके चांगले आहेत. आजोबा खुर्चीवर बसून माझा रुमाल घेऊन डोळे पुसत राहिले. ही गोष्ट ते कधीच सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते.

घरी आल्यावर मी काय केलं असेल, ते तुम्हाला ओळखता येईल. कळा मंदावल्या ती सिंगापूरची वेळ आणि ओटीची इटलीतली वेळ ताडून पाहिली. जुळली नाही. मुक्ताला उतार पडायला लागला तेव्हा मी अजून गाडीत होते आणि साल्वातोरेवर ओरडत होते. म्हणजे मी मागायच्या आधी, बॅग उघडायच्या आधी, हात जोडायच्याही आधी. डॉक्टरीण म्हणाल्या, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणते. औषधामागे कोण होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की मी तिथे नव्हते आणि जे व्हायचं ते नीट झालं. तेव्हापासून काम मी पूर्वीसारखंच वेळेवर करते, पण पुढचं आपल्या हातात नसतं हे मनाशी धरून करते. रोज जमत नाही.

मुक्ता पुढे पुष्कळ दिवस बिछान्यात पडून होती आणि तुम्ही दोघांनी घाई केली नाहीत. खोबऱ्याची ती वाटी मी नोव्हेनाला तिच्या ओटीत घातली, नंतर तिने ती गुळाबरोबर खाल्ली. बारशाच्या फोटोत तिच्या हिरव्या साडीवर झेंडूच्या रंगाचा ब्लाउज का आहे, ते आता तुम्हाला समजेल. हिरवा इटलीत राहिला. समोरच्या ब्लॉकमधल्या त्या खिडकीत आता दुसऱ्यांचा दिवा असतो, आणि तुमचं विमान उशिरा येणार असलं की मी अजूनही येरझाऱ्या घालते.

साडी तुमच्या आईच्या कपाटात आहे. फीत माझ्या देवघरात आहे. तिचा निळा रंग आता बराच उतरलाय, पण ती आहे.