ओरडणारं चाक आणि गप चाक

नेसरीच्या गड्यांनो, हे पत्र तालमीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आज सकाळी ब्रेक दाबला की माझ्या लॉरीचं पुढचं डावं चाक किंचाळाय लागलं. ब्रेकचा पट्टा झिजून लोखंडाला लोखंड घासत होतं. गाडीत गूळ भरलेला, आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची. मला दम निघेना.

कोल्हापुरातल्या मिस्त्रीला म्हटलं, "ओरडतंय तेवढंच बदला. उजवं गप हाय की!"

तो नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही. नवा पट्टा बसवून निघालो. नाक्यावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला तर लॉरी भसकन डावीकडं ओढली गेली, थेट चहाच्या बाकड्यांवर! माणसं उड्या मारून पळाली, म्हणून वाचली.

हळूहळू गाडी माघारी आणली. मिस्त्री म्हणाला, "शेतकऱ्याचा न्हवं तू? एक ताजा बैल अन् एक दमलेला जुंपलास, तर गाडी सरळ जाईल व्हय?"

मान खाली गेली. आता उजवा पट्टा बसतोय. उशीर झाला म्हणून गुळाचा मालक ओरडतोय, माझाही पाय एका जागी ठरत नाही. पण घाटात डावीकडं दरी हाय.

खरं सांगा, गप चाकाकडं तुम्ही तरी बघितलं असतं का?