म्हस तेची, दूध माझा

कुडाळच्या आठवडी बाजारात मी सुकी मासळी विकते. वेंगुर्ल्याहून येते. माझ्या टोपलीशेजारी यशोदा बसते, डोंगरातल्या धनगरवाडीतली. तिच्या पुढ्यात दह्याचं मडकं आणि तुपाची बरणी. गिऱ्हाईक नसलं की मी तिला प्रश्न विचारत बसते. माझा नवरा युसूफ म्हणतो, "सुरैय्या, तुका पोलिसात घेऊक व्हया होता."

एकदा तिला विचारलं, "म्हशी कोणाच्यो गो?"

"घोवाच्यो," ती म्हणाली, म्हणजे नवऱ्याच्या.

"मगे तुपाचे पैसे तेका देतस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ते कित्याक? म्हस तेची, दूध माझा."

त्यांच्या घरात गुरं राखणं, घेणं-विकणं बाप्यांकडे. धार काढल्यापासून पुढचं सगळं बायकांचं. दही किती लावायचं, ताक कोणाकडे पाठवायचं, तूप कधी विकायचं, यात पुरुष तोंड घालत नाहीत. यशोदा लग्न होऊन आली तेव्हा सासूने एका म्हशीचं दूध तिच्या हवाली केलं. "तेच्या आधी मी घरात पावणी होतंय," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "तुमच्यात मासे कोणाचे?"

मी विचार केला. "होडीत असत तवसर युसूफचे. जेटीर उतारले की माझे." दोघी हसलो.

मागच्या वर्षी वाडीखालच्या रस्त्यावर सकाळी दूध डेअरीची गाडी येऊ लागली. यशोदाचा नवरा बाबू खूश झाला. सगळं दूध तिथेच घालू, बाजाराची पायपीट वाचेल, म्हणाला. यशोदा म्हणाली, "दुधाचा तुमी कित्याक बोलतास?" बाबू म्हशी घेऊन रानात गेला. मला हे सांगताना ती ताठ बसली होती.

पुढच्या बाजाराला तिचा चेहरा उतरलेला. सुनेला, तुळसाला, तिने लग्नात एका म्हशीचं दूध दिलं होतं. आता तुळसाच म्हणत होती, "आये, माझ्या म्हशीचा दूध मी गाडीक घालतंय. माका बाजारात बसाक नको, शिवण शिकाचा आसा."

"मगे तू काय बोललंस?"

"काय बोलतलंय? दुधाचा बोला नको म्हणान ह्यांका मी सांगलेला, ता तिना आयकलेला."

तिला दुःख ताकाचं होतं. तिच्या वाडीत ताक विकत नाहीत. बाळंतिणीकडे, आजाऱ्याकडे पाठवतात, आणि तांब्याबरोबर बातम्या फिरतात, रुसवे मिटतात. "दूध खाली गेला तर आपणाक कोण इचारतला?"

मला राहवेना. बाजार उरकून त्या दिवशी मी तिच्याकडेच मुक्कामाला गेले. सासू-सून चुलीपाशी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. सकाळी तुळसा किटली घेऊन निघाली. जरा वेळाने यशोदाही मागून निघाली, तिच्यामागे मी.

गाडीवाला खात्याची वही उघडून म्हणाला, "घरातल्या पुरुषाचं नाव सांगा."

तुळसा सासऱ्याचं नाव सांगायला लागली, तोच यशोदा पुढे झाली. "तुळसा लिवा. दूध तिचा."

गाडीवाल्याने दोघींकडे पाहिलं आणि लिहिलं. तुळसाने पदर डोळ्यांना लावला. यशोदा वळून चढणीला लागलीसुद्धा.

आता यशोदा बाजारात तूप विकते, तुळसा वाडीतल्या बायकांची झंपरं शिवते. गाडी सकाळचीच येते, त्यामुळे संध्याकाळचं दूध दोघी एकत्र विरजतात. ताक कोणाकडे आधी पाठवायचं यावरून मात्र रोज भांडतात.