घरांवर रागावणारे आतोबा

माणसांवर रागावणारे लोक पैशाला पासरी मिळतात. घरांवर रागावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघायचा होता. हे आमचे आतोबा. आत्या मी शाळेत जायच्या आधीच गेली, पण तिच्यामागे आतोबा आमच्या वाट्याला राहिले ते राहिलेच. मालवणच्या आमच्या शेटांच्या आळीतून ते रोज सकाळी, ऊन असो पाऊस असो, छत्री घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि एकेका घरासमोर उभे राहून त्याला फैलावर घेत. घराला, मालकाला नव्हे. मालक समोर पायरीवर दात घाशीत बसलेला असला तरी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ते भिंतीला विचारत, "गो बाय, काय दशा केल्यानी तुझी?" मालकाने बिचाऱ्याने काय करावं? तो चूळ भरून आत जायचा.

आमची आळी म्हणजे एके काळची गावातली श्रीमंती. ज्यांची स्वतःची गलबतं, त्यांचीच घरं. आतोबा तरुणपणी माझ्या आजोबांच्या गलबतावर कारभारी होते. मलबारात उतरायचं, वखारीतला साग ठोकून, वाजवून, प्रसंगी जिभेला लावून निवडायचा आणि घेऊन यायचा, हे त्यांचं काम. आळीतल्या निम्म्या घरांच्या तुळया त्यांनी आणलेल्या. कुठली तुळई कुठल्या खेपेची, त्या खेपेला वारा कुठे पडला, कोणाला पाणी लागलं, सगळं पाठ. स्वतः मात्र ते आळीच्या तोंडाशी दोन खोल्यांच्या शाकारलेल्या घरात राहत आणि त्याबद्दल त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. पुढे गलबतं बसली, शेटांची मुलं मुंबईला नोकऱ्यांना लागली, आणि गोवा मोकळा झाला त्या सुमारास मुंबईच्या पैशाने आळीत सिमेंट शिरलं. एकाने ओटीवर स्लॅब टाकला, की दुसऱ्याला चार महिन्यांत पोटशूळ. आतोबांचा राग तेव्हापासूनचा.

तो राग साधा नव्हता. सिमेंटच्या जमिनीवर ते वहाणा काढीत नसत. "ही जमीन नाय, रस्तो आसा," म्हणून थेट माजघरापर्यंत चालत जात आणि घरची बाई मागून फडकं घेऊन. एका घराने खिडक्यांना लोखंडी गज लावले, तर त्यांनी बाहेरून अत्यंत आपुलकीने चौकशी केली की खंयच्या गुन्ह्यात धरला आणि सुटका कधी. एका हौशी गृहस्थाने सगळं घर पिवळंजर्द रंगवलं. दुसऱ्या दिवशी आतोबा पानाच्या द्रोणात कसलासा कडू पाला वाटून घेऊन दारात हजर. घराला कावीळ झाली आहे, तीन दिवस अनशापोटी द्या, मीठ वर्ज्य! आणखी एका शेटाच्या नातवाने ओटीचे कोरीव खांब उपटून बेकरीवाल्याला सरपण म्हणून दिले. त्या दिवसापासून आतोबांनी पाव सोडला. चहात बुडवायला काही नाही म्हणून चहाही सोडला. लोक हसत. मीही हसत असे, कारण तोवर माझ्या घराची पाळी आली नव्हती.

मग आली. मी मुंबईत दोन खोल्यांत राहणारा कारकून, वर्षाला चतुर्थीचे आणि मे महिन्याचे मिळून महिनाभर गावी येणारा. आळीत जुनं राहिलेलं घर माझं एकट्याचं, याची मला लाज वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू? ओटी आणि पडवी पाडायची, वर स्लॅब घ्यायचा असं ठरवून मी एका मे महिन्यात गवंडी ठरवला. आतोबांना सांगितलं तेव्हा ओरडतील, छत्री उगारतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, कामाच्या आधी नारळ ठेवणार ना? मग गाऱ्हाणं मी घालीन. घरात वडीलधारं दुसरं कोणी नव्हतं, आणि आवाज तर असा की किल्ल्यावर ऐकू जावा. मला बरंच वाटलं. म्हातारा निवळला म्हणायचा. माझ्यासारखा गाढव मीच.

आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी की वडीलधाऱ्याने देवाला एकेक मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की कान ऐकायच्या आत तोंड बोलून मोकळं होतं. आतोबा धुतलेलं धोतर नेसून आले. घरासमोरच्या खळ्यात शेजारीपाजारी, गवंडी, त्याची माणसं, पहारी घेऊन सगळे हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज जो नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे."

"होय म्हाराजा."

"त्येच्या बायकापोरांचा रक्षण कर."

"होय म्हाराजा."

"त्येका मुंबैत जी बुद्धी सुचली, ती मुंबैतच ठेव."

"होय म्हाराजा."

"आणि ह्यो जितो आसा तोपर्यंत, ह्या घराच्या एकाव तुळयेक त्येची पहार लागू दिव नको."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. हे मागाहून बायकोने सांगितलं, पदर तोंडात कोंबून. मला कळेपर्यंत नारळ फुटला होता. गवंड्याने पहार गोणपाटात गुंडाळली. "धनीनू, तुमी देवासमोर होय म्हटलास," तो म्हणाला. "आता माझो हात चलाचो नाय." तो गेला, त्याची माणसं गेली, शेजारी खोबरं खात गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर खळ्यात आतोबांना वाटेल ते बोललो. देवाला लबाडीत ओढता, लाज नाही वाटत? घर कोणाचं, तुमचं का माझं? आणि मग वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट माझ्या तोंडून गेली. ती मी आजवर राखून ठेवली होती. आळीतल्या सगळ्या घरांवर पूर्वी कुंभाराचे नळे, म्हणजे गावठी कौलं होती. ते उतरवून मंगलोरी कौलं चढवायचं खूळ गावात आणलं कोणी? आतोबांनी. पहिल्या खेपेची कौलं ह्याच घरावर चढली, आणि तेव्हा माझी पणजी दोन दिवस जेवली नव्हती. "तेव्हा तुमचा राग कुठे होता, आतोबा?" मी विचारलं. ज्यांच्याकडे प्रत्येक घरासाठी वेगळी शिवी होती, त्यांनी नुसती छत्री उचलली. आणि ते निघून गेले. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावरून मोटार स्टँडला गेलो आणि आत डोकावलोसुद्धा नाही. जिंकल्याचा आनंद मला वाटेतल्या तळेऱ्यापर्यंतसुद्धा पुरला नाही.

चतुर्थीला आलो तर आतोबा माझ्याच ओटीवर शिडीवर चढलेले. खाली तोच गवंडी शिडी धरून. तुळयांवर चुन्याने आकडे घातलेले, एक, दोन, तीन, त्यांच्या त्या लफ्फेदार मोडी वळणाच्या अक्षरात. शिडीवरूनच त्यांनी मला सांगितलं की देवाकडे जाऊन चूक कबूल केली आहे, फसवून घेतलेला होकार देव मोजत नाही, गवंड्यालाही समजावलं आहे. आता खुशाल पाड. फक्त तुळया आकड्याप्रमाणे एकेक उतरव, करवत लावू नको, कोणाला तरी उपयोगी पडतील. हे सगळं इतकं शांतपणे, की मला भीती वाटली. मी म्हटलं, आतोबा, रागवा तरी. ते खाली उतरले आणि हात पुसत बसले.

"तू इचारलंस ता खरा," ते म्हणाले. "कौलां मीच हाडलंय. तेव्हा घरात माणसां मावत नव्हती रे, म्हणान छप्पर उंच केला. आता तू चार दिवस येतस. मी रोज येवन घरांवर वरडतंय, घरात कोण नाय म्हणान. माणसां आसती तर माणसांवर वरडलो नसतंय?"

मी गवंड्याला परत पाठवला. आतोबांनी शिडी उचलून पडवीत ठेवली. दोन वर्षांनी ते गेले. मला तार मिळाली ती चौथ्या दिवशी. घर अजून उभं आहे. चतुर्थीला जाळीजळमटं काढताना बायको दर वर्षी विचारते, हे आकडे पुसून टाकू का, आणि मी दर वर्षी तिच्यावर उगाचच खेकसतो. चार दिवस झाले की आम्ही कुलूप लावतो, किल्ली शेजारी देतो आणि मुंबईला निघतो. जाताना आळीच्या तोंडाशी आता छत्री घेऊन कोणी उभं नसतं.